अठरा पूर्ण... पुढे काय?

अठरावा वाढदिवस म्हणजे आपल्यासाठी काय असतो? गाडीचं लायसन्स, मतदार यादीत नाव आणि घरच्यांचं ठरलेलं वाक्य, "आता मोठी झालीस, जरा जबाबदारीने वाग!" बस्स! यापलीकडे काहीही बदलत नाही. सकाळचा चहा आयता मिळतो, सीईटीच्या क्लासची फी बाबाच भरतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री आई दोनदा दार ढकलून "झोप आता" म्हणून जातेच. इंजिनिअरिंगची चार वर्षं, आणि खरं सांगायचं तर पहिला पगार हातात पडेपर्यंतचा काळ, आपल्यापैकी बहुतेक जण घरच्यांच्या जिवावरच काढतात. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

पण याच महाराष्ट्रात अशी मुलं आहेत, ज्यांच्यासाठी अठरावा वाढदिवस म्हणजे घर सोडण्याची तारीख असते. कारण त्यांचं घर हे 'घर' नसून 'बालगृह' असतं आणि बालगृहात कायद्याने फक्त बालकंच राहू शकतात. ज्या दिवशी तुम्ही बालक राहत नाही, त्या दिवशी तुमची कॉट दुसऱ्या कुणाची तरी होते. आज मला या मुलांच्या शिक्षणाबद्दल लिहायचं आहे.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे मी मराठी विभागासाठी लेख देणार म्हटल्यावर मैत्रिणी गालातल्या गालात हसल्या. पण हा विषय मला मराठीतच मांडायचा होता. 'फॉस्टर केअर', 'आफ्टरकेअर' हे शब्द ऐकले की ते कुठल्यातरी परदेशी सिनेमातले वाटतात, आपला त्यांच्याशी संबंधच नाही असं वाटतं. 'बालगृह', 'बालसंगोपन योजना', 'अनुरक्षण गृह' असं म्हटलं की मात्र कळतं, की अरे, ही पाटी तर आपण बसमधून जाताना पाहिलेली आहे!

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करते. बालगृहाला आपल्याकडे लोक सर्रास 'रिमांड होम' म्हणतात आणि तिथली मुलं काहीतरी गुन्हा करून आलेली असणार असं धरून चालतात. हे साफ चूक आहे. कायद्याच्या भाषेत ही 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली' मुलं. कुणाचे आईवडील गेलेले, कुणाला सोडून दिलेलं, कुणी रेल्वे स्टेशनवर सापडलेलं, तर कुणाची आई जिवंत आहे पण दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असल्यामुळे तिने स्वतःच आणून ठेवलेलं. देशभरातल्या अशा संस्थांची केंद्र सरकारने पाहणी करवून घेतली होती, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यात साडेनऊ हजारांच्या वर संस्था आणि साडेतीन लाखांच्या वर मुलं मोजली गेली. आई किंवा वडील यांपैकी एकच जण असलेल्या मुलांची संख्या त्यात पूर्ण अनाथ मुलांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. म्हणजे 'अनाथाश्रम' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, ते अर्धवटच आहे.

सगळीच मुलं संस्थेत राहत नाहीत. काही आजीकडे, मामाकडे किंवा दुसऱ्या एखाद्या कुटुंबात वाढतात. हे दत्तक नव्हे. दत्तक घेतलेलं मूल कायद्याने त्या घरचंच होतं. इथे मात्र कुटुंब फक्त सांभाळ करतं, म्हणून या कुटुंबाला प्रतिपालक म्हणायचं. महाराष्ट्रात यासाठी बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलेलं आहे आणि तिच्यातून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. हे पैसेसुद्धा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतच. थोडक्यात काय, मूल संस्थेत असो की आजीकडे, घड्याळ एकच आहे आणि ते अठरावर थांबतं.

आता आपण इंजिनिअर लोक आहोत, तर जरा आकडेमोड करू. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल सोळाव्या वर्षी दहावी, अठराव्या वर्षी बारावी आणि बाविसाव्या वर्षी इंजिनिअर होतं. तेही एकसुद्धा 'इयर डाऊन' न होता! म्हणजे एखाद्या मुलीला अठरा पूर्ण होतात ती वेळ कोणती? बारावीचं वर्ष! फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, मग सीईटी, मग रिझल्ट, मग कॅप राऊंड. आयुष्यातले सगळ्यात नाजूक सहा महिने आणि नेमके त्याच वेळी 'तू आता कुठे राहणार?' हा प्रश्न. आपल्याला त्या वर्षी घरात टीव्हीचा आवाजसुद्धा सहन होत नव्हता, आठवतंय ना?

आणि ही झाली सरळ गेलेल्या मुलाची गोष्ट. बालगृहात येणारी कितीतरी मुलं मध्ये दोन-तीन वर्षं शाळेबाहेर राहिलेली असतात. सातवीच्या वयाचं मूल चौथीच्या वर्गात बसतं. दोन वर्षं मागे पडलेल्या मुलाची दहावीच अठराव्या वर्षी होते. आणखी एक गोष्ट बघा. ज्या मुलाकडे शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, त्याचं वय वैद्यकीय तपासणीवरून ठरवतात. म्हणजे कुणीतरी हाडांचा एक्स-रे बघून अंदाजाने एक आकडा लिहितं आणि त्याच आकड्यावरून पुढे तो मुलगा कधी बाहेर पडणार हे ठरतं. आपण लॅबमध्ये रीडिंग घेतलं की प्लस-मायनस एरर लिहितो. इथे एरर लिहायला कॉलमच नाही!

या घड्याळाचा सगळ्यात मोठा परिणाम अठराव्या वर्षी होतो असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नाही. तो पंधराव्या वर्षीच होतो. आमच्या शाळेच्या आवारातच मुलींचं बोर्डिंग होतं. सिस्टर्स ते फार मायेने चालवायच्या. बोर्डिंगच्या मुली आमच्याच वर्गात असायच्या, त्यांच्या वह्या आमच्यापेक्षा नीटनेटक्या असायच्या. माझ्या बेंचवर बसणारी एक जण भूमितीत माझ्या पुढे होती. राइडर दिलं की मी आकृती काढेपर्यंत तिचं उत्तर तयार! दहावीला तिला ८५ टक्के पडले आणि ती नर्सिंगला गेली. दुसरी शिवणकामाच्या कोर्सला, तिसरी ब्यूटिशियनच्या. मी तिला विचारलं होतं, "अगं, सायन्सला का नाही जात?" ती म्हणाली, "दोन वर्षं अकरावी-बारावी केली तर हातात काय राहणार? मला अठराच्या आत काहीतरी हातात पाहिजे."

नर्सिंगमध्ये किंवा शिवणकामात कमीपणा आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट, कोव्हिडनंतर तरी असं कुणी म्हणू नये. माझा मुद्दा वेगळा आहे. आपण कोर्स निवडताना मार्कलिस्ट बघतो, आवड बघतो, प्लेसमेंट बघतो. तिने कॅलेंडर बघितलं. आणि तिने नर्सिंगचा फॉर्म भरला तेव्हा तिला सल्ला देणाऱ्यांचंही काही चुकलं नव्हतं. ज्यांच्या हातात मुलगी आणखी दोनच वर्षं आहे, ते तिला सहा वर्षांची वाट कशी दाखवणार? म्हणजे अठराची मर्यादा ही फक्त राहण्याची मर्यादा राहत नाही. ती स्वप्नांचीही मर्यादा होते. भूमितीत पुढे असलेली मुलगी इंजिनिअर व्हायची की नाही, हे तिच्या जन्मतारखेने ठरतं.

आता कुणी म्हणेल, सरकार काहीच करत नाही का? करतं. आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण नुसता सरकारच्या नावाने शंख करणं फार सोपं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे कायदा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात 'अनुरक्षण' म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या मदतीची तरतूद आहे. ही मदत एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. २०१६ च्या नियमांप्रमाणे अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं, म्हणजे तेविसापर्यंत. 'मिशन वात्सल्य'च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या वयातल्या मुलांसाठी महिन्याला ४,००० रुपये ठरवलेले आहेत. वाचायला बरं वाटतं. पण पुन्हा आकडेमोड करा. इंजिनिअरिंग संपतं बाविसाव्या वर्षी आणि मदत थांबते एकविसाव्या वर्षी. म्हणजे बी.ई.चं शेवटचं वर्ष ही कायद्याच्या दृष्टीने 'अपवादात्मक परिस्थिती' झाली! दोन वर्षं मागे पडलेल्या मुलाचं शिक्षण तर चोविसाव्या वर्षी संपणार. त्याला अपवादसुद्धा पुरत नाही. आणि मुळात राज्यात अनुरक्षण गृहं आहेत ती मोजकीच. गावातल्या कॉलेजमध्ये ॲडमिशन आणि अनुरक्षण गृह तिसऱ्याच जिल्ह्यात, असं झालं तर मुलाने काय करायचं?

दुसरी गोष्ट म्हणजे आरक्षण. अमृता करवंदे हे नाव तुमच्यापैकी एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी नक्की ऐकलं असेल. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेली ही मुलगी अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडली, पुण्यात आली, मिळेल ते काम करत शिकली आणि एमपीएससीची परीक्षा दिली. पण जातीचा पत्ता नाही, आईवडिलांच्या उत्पन्नाचा दाखला नाही, त्यामुळे सवलतीचा कुठलाच रकाना तिच्यासाठी नव्हता. आईवडीलच माहीत नाहीत तर नॉन-क्रीमी लेयरचं सर्टिफिकेट आणणार कुठून? तिने हा प्रश्न थेट तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापर्यंत नेला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण लागू केलं. पुढे ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात 'संस्थात्मक' आणि 'संस्थाबाह्य' अशी वर्गवारी आली, म्हणजे संस्थेत वाढलेले आणि नातेवाइकांकडे वाढलेले, दोन्ही अनाथ त्यात आले. कॅप राऊंडच्या कट-ऑफमध्ये टीएफडब्ल्यूएस, ईडब्ल्यूएस, डिफेन्स या कोडच्या शेजारी 'ऑर्फन' असा एक कोड असतो, तो हाच. आपण पीडीएफ स्क्रोल करताना तो नुसताच ओलांडून पुढे गेलेलो असतो.

तिसरी गोष्ट फीची. जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींना शंभर टक्के फी माफीचा निर्णय झाला, तो आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच निर्णयात अनाथ मुलं आणि मुली या दोघांनाही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत दिलेली आहे. याची मात्र फारशी चर्चा झाली नाही.

म्हणजे बघा, सीट आहे, फी माफ आहे. मग अडतंय कुठे?

अडतंय ते रोजच्या जगण्यात. हॉस्टेलचं डिपॉझिट, मेस, ड्रॉइंगचं सामान, लॅपटॉप, प्रोजेक्टचा खर्च. शिष्यवृत्तीचे पैसे पोर्टलवरून यायचे तेव्हा येतात. मेसवाल्या काकांचं बिल मात्र महिन्याच्या एक तारखेला येतं. आपण अशा वेळी घरी फोन करतो. हॉस्टेलमध्ये महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किती जणांचे असे फोन चालू असतात, ते मी रोज ऐकते! शैक्षणिक कर्ज काढावं म्हटलं तर सहकर्जदार म्हणून साधारणपणे आईवडिलांची सही लागते. आजारी पडलं, डॉक्टर म्हणाले ॲडमिट करा, की सही. इंडस्ट्रियल व्हिजिटला जायचं, सही. ॲटेंडन्स कमी पडली, "पालकांना घेऊन या." आपल्या सगळ्या व्यवस्थेने एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक माणूस उभा आहे. ज्याच्यामागे तो नाही त्याच्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

आणि सगळ्यात जास्त अडतं ते सुट्टीत. मागच्या दिवाळीत आमच्या हॉस्टेलला पंधरा दिवस कुलूप लागणार होतं. सगळ्या बॅगा भरत होत्या, एसटीची रिझर्व्हेशन्स चालली होती, फराळाच्या गप्पा चालल्या होत्या. एक सीनियर ताई मात्र शांतपणे पुस्तकं खोक्यात भरत होती. तिने सांगितलं, तिला जायला घर नाही. संस्थेत आता तिला राहता येत नाही, त्यामुळे दर सुट्टीत ती कुणातरी मैत्रिणीकडे जाते. "पण प्रत्येक वेळी तिच्या आईला काय सांगायचं याचा कंटाळा येतो गं," म्हणाली. तिला एकही केटी नाही. चार वर्षं ती आपल्यासारखाच अभ्यास करते आणि शिवाय दर सहा महिन्यांनी आपलं घर शोधते. हा सब्जेक्ट आपल्या सिलॅबसमध्ये नाही आणि त्याला क्रेडिट्सही नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की आरक्षणामुळे प्रवेश मिळतो, पदवी मिळत नाही. पदवीसाठी दोन गोष्टी लागतात, सुट्टीतही उघडी असणारी एक खोली आणि 'तुझं कसं चाललंय?' असं विचारणारा एक माणूस. सरकारच्या जीआरमध्ये पहिली गोष्ट अपुरी आहे आणि दुसरी जीआरने देता येत नाही.

हे काही मी नवीन सांगत नाही. ही गोष्ट महाराष्ट्राला एके काळी फार चांगली ठाऊक होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला. तो यशवंत. त्याला त्यांनी नुसतं खाऊपिऊ घालून मोठं केलं नाही, डॉक्टर केलं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या तेव्हा उपचाराला हाच डॉक्टर यशवंत होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत 'वार लावून जेवणं' ही पद्धत होती. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असं सात घरं मिळून एक गरीब विद्यार्थी शिकवायची. त्या पद्धतीत मिंधेपणा होता, जातीची कुंपणं होती, ती पुन्हा आणा असं मी म्हणणार नाही. पण विद्यार्थ्याला शिकवणं ही चार घरांची मिळून जबाबदारी आहे, ही समज त्यात होती.

त्याच्या पुढची पायरी कर्मवीर भाऊराव पाटलांनी गाठली. साताऱ्याला १९२४ मध्ये सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग आणि त्याला जोड 'कमवा आणि शिका'ची. भीक नको, काम द्या! आणि आपल्या क्षेत्रातलंच उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या पीव्हीजीचं घ्या. आपल्या सगळ्यांना ते इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून माहीत आहे. पण ज्या संस्थेचं ते कॉलेज आहे, ते पुणे विद्यार्थी गृह १९०९ मध्ये सुरू झालं तेव्हा तिचं नाव होतं 'अनाथ विद्यार्थी गृह'. अनाथ मुलांना आसरा देणाऱ्या संस्थेने पुढे इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. यातच सगळं आलं! आधी छप्पर, मग शिक्षण, हा क्रम त्या लोकांना कळला होता. आपण शिक्षण देतो आणि छप्पर काढून घेतो.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न सुटला आहे असं नाही. पण इंग्लंडमधल्या काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तिथे स्थानिक प्रशासनाला आपल्या सांभाळातल्या मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवण्यासाठी एक खास अधिकारी नेमावाच लागतो. २०१४ पासून ते कायद्यानेच बंधनकारक आहे. सांभाळातून बाहेर पडलेल्या तरुणांना पंचवीस वर्षांपर्यंत एक सल्लागार मिळू शकतो, म्हणजे फोन करायला एक माणूस. आणि कॉलेजात शिकणाऱ्याला सुट्टीत राहायला जागा नसेल, तर तीही सोय प्रशासनाने करायची असते. बघा, पुन्हा त्याच दोन गोष्टी आल्या. खोली आणि माणूस!

हे सगळं कॅन्टीनमध्ये बोलत होते तेव्हा एक मित्र म्हणाला, "अगं, गरीब मुलं काय कमी आहेत का? माझ्या वडिलांनी पण कर्ज काढूनच मला शिकवलंय. आणि त्यात परत कोटा! आमच्या सीट्स जातात." त्याचा राग खोटा नाही, म्हणून उत्तर देते. साठ जणांच्या वर्गात १ टक्का म्हणजे ०.६. पूर्ण माणूससुद्धा होत नाही. तेव्हा आपली सीट कुणी घेतली याचा हिशेब दुसरीकडे मांडलेला बरा. आणि तुझ्या वडिलांनी कर्ज काढलं, बरोबर. पण कर्ज काढायला वडील होते ना रे? गरिबी आणि एकटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरीब घरातसुद्धा परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवणारं कुणीतरी असतं.

दुसरा आक्षेप असा, की अठरा वर्षांचा माणूस सज्ञान असतो, त्याने स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकावं. मान्य. मग हा नियम आधी आपल्या सगळ्यांना लावा! आपण विशी ओलांडली तरी मेसचे पैसे घरून मागवतो आणि ज्याला कुणीच नाही त्याने मात्र अठराव्या वर्षी स्वावलंबी व्हायचं, हा कुठला न्याय?

मग आपण काय करू शकतो? मोठमोठ्या मागण्या करून लेख संपवणं मला पटत नाही. कायद्यातली एकविसाची मर्यादा 'सुरू असलेलं शिक्षण पूर्ण होईपर्यंत' अशी व्हायलाच हवी, पण ते काम विधिमंडळाचं आणि संसदेचं. आपल्या कॉलेजच्या गेटच्या आत होऊ शकतील अशा चार गोष्टी सांगते.

एक, हॉस्टेलचा एक छोटा भाग वर्षभर उघडा ठेवावा. पीएलला, सेमिस्टरच्या सुट्टीत, दिवाळीत. परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही ठिकाणी अशी सोय करतातच. दोन खोल्या आणि एक वॉचमन, एवढाच खर्च आहे.

दोन, आपल्याकडे प्रत्येक वीस मुलांमागे एक 'टीचर गार्डियन' असतात. नावातच पालक आहे! ॲटेंडन्सच्या फायलीवर सही करण्यापलीकडे या मुलांसाठी ते खरोखरचे स्थानिक पालक होऊ शकतील का? म्हणजे फॉर्मवर त्यांची सही चालेल, दवाखान्यात त्यांचा नंबर लागेल.

तीन, शिष्यवृत्तीची रक्कम जमा होईपर्यंत हॉस्टेल आणि मेसच्या पैशांसाठी थांबावं किंवा विद्यार्थी कल्याण निधीतून उचल द्यावी. गॅदरिंगच्या डीजेला जेवढे लागतात तेवढ्यात एकाचं वर्षभराचं जेवण भागतं की नाही, ते आपल्या ट्रेझररनेच हिशेब करून सांगावं. आणि ज्याला हवं असेल त्याला लायब्ररीत, वर्कशॉपमध्ये 'कमवा आणि शिका'खाली काम द्यावं. उपकार म्हणून नको, तासाच्या हिशेबाने.

चार, आणि हे आपल्यासाठी. आपलं एनएसएस युनिट वर्षातून एकदा बालगृहात जातं, खाऊ वाटतं, फोटो काढतं आणि तो फोटो या अंकात छापून येतो. त्याऐवजी दर रविवारी दोन तास दहावीच्या मुलांना गणित शिकवायला गेलो तर? मी आणि माझ्या तीन मैत्रिणी जूनपासून जातो आहोत. सगळ्यात जास्त उपयोग गणिताचा होत नाही. उपयोग होतो तो माहितीचा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, मग थेट सेकंड इयरला ॲडमिशन मिळते, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी हातात एक सर्टिफिकेट असतं आणि पुढची वाटही बंद होत नाही, हे तिथल्या नववीतल्या मुलाला मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग वहीच्या मागच्या पानावर त्याने सोळा, एकोणीस, बावीस असे तीन आकडे लिहिले आणि विचारलं, "दीदी, एकोणीस ते बावीस कुठे राहायचं?"

नववीतल्या मुलाने पूर्ण लेखाचा सारांश एका ओळीत सांगितला. त्याला गणित जमतं, हे सांगायला नकोच.

आणखी एक विनंती. अशी एखादी मुलगी किंवा मुलगा आपल्या वर्गात असेल तर कृपा करून त्याचं 'अनाथ' हे विशेषण करू नका. अलॉटमेंटच्या यादीत तो कोड सगळ्यांना दिसतो, तेवढं पुरे. त्यांना सहानुभूतीच्या स्टेट्सची गरज नाही. नोट्स द्या, जर्नल द्या, भांडा, प्रॉक्सी मारा, जे इतरांशी करता तेच करा. फक्त सुट्टी जवळ आली की सहज विचारा, "या वेळी कुठे?" आणि उत्तर नसेल तर खोदून विचारू नका.

पुढच्या महिन्यात स्टुडंट्स कौन्सिलची मीटिंग आहे. हॉस्टेलच्या दोन खोल्यांचा विषय मी अर्जात लिहून दिलेला आहे. अर्जावर सध्या अकरा सह्या आहेत. बाराव्या सहीसाठी पेन माझ्याकडे आहे, लायब्ररीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर रोज चार ते पाच मी बसलेली असते.